हॉजकिन-हक्सलीचा १९५२ चा पेपर: समीकरणं पाठ, शेवटची पानं कोरी

चेतापेशींच्या विद्युत गुणधर्मांवर काम करायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात एक नाव समोर येतं: हॉजकिन-हक्सली मॉडेल. पुस्तकात चार समीकरणं असतात, नेटवर पायथनचा तयार कोड मिळतो, दहा मिनिटांत स्क्रीनवर आवेगाचा तो ओळखीचा उंचवटा उमटतो. आपल्याला वाटतं, झालं, समजलं. मूळ पेपर मात्र फार थोडे जण उघडतात. तो ४५ पानांचा आहे, भाषा जुनी आहे आणि त्यातली व्होल्टेजची चिन्हं आजच्या पद्धतीच्या उलट आहेत.

आज या पेपरचं परीक्षण करायचं आहे. सत्तर वर्षांनी कसलं परीक्षण, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या पेपरवर अजून रोज नवं काम उभं राहतं, तो वाचून पारखायला उशीर झाला असं होत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: हा पेपर मोठा आहेच, पण आपल्याला शिकवतात त्या कारणासाठी नाही. त्यात एक दोषही आहे, आणि त्याचा भुर्दंड नंतरच्या लोकांना बसला.

आधी प्रश्न काय होता ते बघू

पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर. आत-बाहेर क्षारांचं पाणी आणि मध्ये हा थर, म्हणजे चक्क एक कपॅसिटर. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरॅड. विश्रांतीच्या वेळी पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत काही दशक मिलिव्होल्टने ऋण असते. १९०२ मध्ये बर्नस्टाइनने मांडलं की विश्रांतीत पटल फक्त पोटॅशियमला वाट देतं आणि आवेगाच्या क्षणी सगळ्याच आयनांना मोकळं होतं. हे खरं असेल तर आवेगाच्या वेळी व्होल्टेज शून्याकडे यायला हवं, त्याच्या पलीकडे जाण्याचं कारण नाही.

१९३९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हॉजकिन आणि हक्सलीने स्क्विडच्या जाड चेतातंतूत आतून इलेक्ट्रोड घातला आणि व्होल्टेज शून्य ओलांडून बरंच वर गेलेलं पाहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत कोल आणि कर्टिसने दाखवलं की आवेगाच्या वेळी पटलाचा रोध चौरस सेंटिमीटरला सुमारे १००० ओहमवरून २५ ओहमवर उतरतो, पण कपॅसिटन्स जेमतेम २ टक्के बदलतो. म्हणजे भिंत तशीच राहते, तिच्यातल्या वाटा उघडतात. मग युद्ध आलं आणि काम थांबलं. १९४९ मध्ये हॉजकिन आणि कात्झने बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर आवेगाची उंची कमी झाली. तेव्हा आधी आत येतं ते सोडियम, हे पक्कं होत आलं.

राहिला प्रश्न असा: किती येतं, कधी येतं, कोणत्या व्होल्टेजला येतं? इथे एक गुंता आहे. व्होल्टेज बदललं की वाटा उघडतात, वाटा उघडल्या की प्रवाह वाहतो, प्रवाह वाहिला की व्होल्टेज पुन्हा बदलतं. कशामुळे काय, तेच सांगता येत नाही. हा गुंता व्होल्टेज क्लॅम्पने सोडवला. ही युक्ती मुळात कोल आणि मार्मोंटची. इलेक्ट्रॉनिक सर्किटने व्होल्टेज एका आकड्यावर जबरदस्तीने धरून ठेवायचं आणि त्यासाठी किती प्रवाह पुरवावा लागतो ते मोजायचं. यासाठी तंतूच्या आत लांब तारा घालाव्या लागतात, म्हणून जाड तंतू हवा. स्क्विडचा हा तंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३६ मध्ये जे. झेड. यंगने तो ओळखून दिला होता. (आपल्याकडे कोकणात बाजारात मिळणारं माकूल याच कुळातलं.)

पेपरमध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत

१९५२ मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त एकापाठोपाठ पाच पेपर आले. पहिल्यात कात्झही सहलेखक आहे. पहिले चार मोजमापांचे, पाचवा समीकरणांचा. आपण 'हॉजकिन-हक्सली पेपर' म्हणतो तो हा पाचवा. तो वाचताना तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. मोजलेलं एका रंगात, निवडलेलं दुसऱ्या रंगात, गणितातून निघालेलं तिसऱ्या रंगात. पेपरची खरी रचना त्यातून दिसते.

मोजलेलं काय? सोडियमचा आणि पोटॅशियमचा प्रवाह वेगवेगळा. बाहेरच्या सोडियमच्या जागी कोलिन घातलं की सोडियमचा हिस्सा जातो, उरतो तो मुख्यतः पोटॅशियमचा. दोन्ही मोजमापांची वजाबाकी केली की सोडियमचा मिळतो. यातून दिसलं की सोडियमची वाट पटकन उघडते आणि व्होल्टेज तसंच धरून ठेवलं तरी आपोआप मिटते. पोटॅशियमची वाट उशिरा उघडते आणि उघडी राहते. हे प्रयोगाने दाखवलेलं आहे, यात मॉडेल नाही.

निवडलेलं काय? या वक्ररेषांना बसणारी सूत्रं. पोटॅशियमची वाहकता 'एन' नावाच्या एका राशीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते असं धरलं. सोडियमसाठी 'एम'चा घन गुणिले 'एच'. चौथाच घात का? पोटॅशियमची वाहकता सुरुवातीला जरा रेंगाळते आणि मग वाढते, ते रेंगाळणं सूत्रात यावं म्हणून. लेखक तिथेच सांगून टाकतात की पाचवा किंवा सहावा घात कदाचित जास्त चांगला जुळला असता, पण तेवढ्यासाठी गुंतागुंत वाढवण्यात अर्थ वाटला नाही. हे वाक्य वाचून थांबा जरा. ज्या चाराला आपण निसर्गनियमासारखं पाठ करतो, तो हिशोब सोपा राहावा म्हणून केलेला सौदा होता.

मॉडेलमधल्या स्थिरांकांचा तक्ता तर प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. त्यात प्रयोगातली सरासरी, प्रयोगातली कमाल-किमान मर्यादा आणि शेवटी 'निवडलेली किंमत' अशा वेगवेगळ्या रकान्यांत आकडे आहेत. कपॅसिटन्सची सरासरी ०.९१, मर्यादा ०.८ ते १.५, निवडला १.०. किरकोळ गळतीच्या प्रवाहाचं व्होल्टेज सरासरी ११ मिलिव्होल्ट, मर्यादा ४ ते २२, आणि निवडलेला आकडा १०.६१३. सरासरी पूर्णांकात, मर्यादा एवढी सैल, आणि निवडलेल्या आकड्याला दशांशानंतर तीन स्थळं! हे मोजमापाचं कौशल्य नाही. विश्रांतीच्या वेळी एकूण प्रवाह बरोबर शून्य यावा म्हणून तो आकडा बसवलेला आहे, आणि पेपरमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही उतरवून घेतलेल्या कोडमध्ये हा आकडा बहुधा असेलच. सोबतची टीप मात्र तिथे नसते.

गणितातून निघालेलं काय? इथे पेपरची खरी ताकद आहे. समीकरणं बसवली ती व्होल्टेज बांधून ठेवलेल्या, जागच्या जागी केलेल्या मोजमापांवर. आता व्होल्टेज मोकळं सोडा आणि विचारा: या तंतूतून आवेग धावेल का, आणि किती वेगाने? हा प्रश्न बसवताना कुठेच विचारलेला नव्हता. केंब्रिजचा एडसॅक संगणक तेव्हा सुधारणांसाठी बंद होता. हक्सलीने हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर हिशोब केला. वेगाचा एक अंदाज घ्यायचा आणि सोडवत जायचं. अंदाज चुकला तर व्होल्टेज धन किंवा ऋण अनंताकडे पळतं. मग अंदाज बदलून पुन्हा पहिल्यापासून. काही आठवड्यांचं काम. उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत त्याच १८.५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला वेग होता २१.२ मीटर. फरक साधारण ११ टक्के. वेगासाठी एकही आकडा मागाहून हलवलेला नाही. भाकीत म्हणावं तर याला.

हे भाकीत नेमकं काय सिद्ध करतं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांसाठी हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेग जुळला म्हणजे एम, एन, एच नावाचे कण खरे ठरले का? नाही. वेग जुळला याचा अर्थ एवढाच की क्लॅम्पमध्ये मोजलेले प्रवाह आवेग निर्माण करायला आणि पुढे न्यायला पुरेसे आहेत. वेगळं काही शोधायची त्यासाठी गरज नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. पण प्रवाह कुठल्या यंत्रणेतून येतात, याबद्दल वेग मुका आहे. दुसऱ्या कुठल्या सूत्राने तेच प्रवाह दाखवले असते तर वेगही जवळजवळ तोच आला असता.

आणि हे मी शहाणपणा करून सांगत नाही, लेखकांनीच शेवटच्या चर्चेत सांगितलंय. त्यांचं म्हणणं असं, की हे जुळणं म्हणजे समीकरणं वर्णनापलीकडे काही आहेत याचा पुरावा समजू नका; अगदी वेगळ्या रूपाची समीकरणंही बहुधा तितकीच यशस्वी ठरली असती. जुळत नाही तेही ते मांडतात, उदाहरणार्थ पोटॅशियम वाढण्याआधीचा उशीर त्यांच्या सूत्रात कमी पडतो. स्वतःच्या यशाच्या शिखरावर उभं राहून असं लिहायला धैर्य लागतं. आज एखाद्या प्रबंधात असा परिच्छेद लिहिला तर 'निष्कर्ष कमकुवत वाटतो, काढून टाका' असा शेरा येण्याचीच शक्यता जास्त.

दोष कुठे आहे

मग दोष कुणाचा? सगळा पाठ्यपुस्तकांवर ढकलून मोकळं व्हायची सोय आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. हा पेपर दोन सुरांत बोलतो. मधल्या पानांवर तो एक चित्र देतो: पटलातल्या एका जागी चार सारखे भारित कण जमले की पोटॅशियमला वाट मिळते, सोडियमसाठी तीन कण वाट उघडतात आणि एक ती अडवतो. शेवटच्या पानांवर तो हे चित्र जवळपास मागे घेतो. पण वाचणाऱ्याच्या मनात काय राहतं? चित्र राहतं. सावधगिरीची वाक्यं राहत नाहीत. 'चौथा घात सोयीचा' आणि 'चार कण' या दोन गोष्टी काही परिच्छेदांच्या अंतरावर ठेवल्या की दुसरी गोष्ट पहिलीला गिळून टाकते. सावधगिरी त्या चित्राशेजारीच, त्याच परिच्छेदात हवी होती.

शिवाय त्या चित्रात दोन प्रकारचा माल एकत्र बांधलेला आहे. वाहकता व्होल्टेजने इतकी झपाट्याने बदलते की पटलाच्या आत काहीतरी भारित हललंच पाहिजे. हा निष्कर्ष आकड्यांनी भाग पाडलेला आहे, आणि अशा हालचालीचा स्वतःचा छोटासा प्रवाह असायला हवा हेही लेखकांनी ओळखलं होतं. २१ वर्षांनी, १९७३ मध्ये, आर्मस्ट्राँग आणि बेझानियाने तो प्रवाह मोजून दाखवला. कणांची संख्या आणि त्यांचं एकमेकांपासून स्वतंत्र असणं मात्र आकड्यांनी भाग पाडलेलं नव्हतं, ते सोयीने आलं होतं. पुढे काय झालं बघा. पोटॅशियमच्या चॅनेलला खरोखरच चार सारखे भाग निघाले. लोक म्हणाले, बघा, १९५२ मध्येच ओळखलं होतं! पण सोडियमच्या चॅनेलमध्येही चारच विभाग आहेत, तीन नाहीत. १९८४ मध्ये नुमाच्या गटाने त्याची पूर्ण अमिनो आम्ल-मालिका मांडली तेव्हा ते स्पष्ट झालं. पहिला नेम लागला ते भविष्यज्ञान, दुसरा चुकला तो तपशील, असं म्हणून कसं चालेल?

स्वतंत्रपणाचंही तसंच. १९७३ मध्येच असं दिसलं होतं की तंतूच्या आत प्रोनेझ हे प्रथिनं तोडणारं मिश्रण सोडलं तर सोडियमची वाट उघडते पण आपोआप मिटत नाही. म्हणजे मिटवणारा भाग वेगळा दाखवता येतो, इथवर 'एच'ची कल्पना टिकली. पण १९७७ मधल्या आर्मस्ट्राँग आणि बेझानियाच्या कामातून दिसलं की मिटणं हे उघडण्याशी जोडलेलं आहे. 'एम' आणि 'एच' एकमेकांची फिकीर न करता चालतात हे मूळ गृहीतक तिथे पडलं. पुस्तकांत तीन दरवाजे आणि एक झाकण असं जे चित्र आजही छापलं जातं, ते या गृहीतकाचं चित्र आहे, चॅनेलचं नव्हे.

भुर्दंड कसा बसला

'असेना का चित्र चुकीचं, समीकरणं तर चालतात!' हा नेहमीचा युक्तिवाद. कुठे चालतात, हा प्रश्न त्यात राहून जातो.

एक हिशोब करून बघू. पटलाचा कपॅसिटन्स १ मायक्रोफॅरॅड, व्होल्टेज बदलायचं सुमारे १०० मिलिव्होल्ट. गुणाकार केला की लागणारा भार आला एक कोट्यांश कूलोंब. फॅरडेच्या ९६,५०० या स्थिरांकाने भागा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ पिकोमोल सोडियम. आवेगाला लागणारं हे किमान. १९५२ च्या समीकरणांतून मात्र येतं सुमारे ४.३ पिकोमोल, चौपटीहून जास्त. कारण स्क्विडच्या तंतूत सोडियम अजून आत येत असतानाच पोटॅशियम बाहेर जायला लागतं. एका नळाने टाकी भरतोय आणि खालची तोटी उघडीच आहे, तसं. हे जास्तीचं सोडियम पंपाने परत बाहेर काढावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते.

२००१ मध्ये अॅटवेल आणि लाफलिन यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. तो पेपर उत्तम आहे आणि प्रचंड वापरला गेला. पण आवेगासाठीचं किमान सोडियम त्यांनी चारने गुणलं, आणि तो चारपट स्क्विडवरून आला होता. त्या हिशोबात संदेशवहनाच्या ऊर्जेपैकी ४७ टक्के आवेगांच्या नावावर लागली. २००९ मध्ये आले, रोथ आणि गायगर यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या तंतूंवर प्रत्यक्ष मोजलं, तर गुणक निघाला १.३. तिथे सोडियमची वाट मिटत आल्यावर पोटॅशियमची उघडते, उधळपट्टी फारशी होतच नाही. अॅटवेलच्याच गटाने २०१२ मध्ये मेंदूच्या बाह्यकाचा सुधारित हिशोब मांडला, त्यात आवेगांचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास आला.

इथे हॉजकिन-हक्सली चुकले का? स्क्विडसाठी नाही. त्यांची मोजमापं ६.३ अंशांवर बसवलेली होती, एका समुद्री प्राण्याच्या, सुटकेसाठी झटपट पळायला उपयोगी पडणाऱ्या जाड तंतूची. वर्णन एका तंतूचं होतं, नंतरच्यांनी ते 'चेतापेशीचं मॉडेल' म्हणून उचललं आणि ३७ अंशांच्या मेंदूत नेऊन ठेवलं. तत्त्व नेता येतं, म्हणजे व्होल्टेजने उघडणाऱ्या वाटा, क्लॅम्पने मोजणं, मोजलेल्यावरून न मोजलेलं काढणं. आकडे नेता येत नाहीत, ते तिथे जाऊन पुन्हा मोजावे लागतात. मॉडेल आणि मोजमाप यांच्यातली सीमा पुसली की नेमकं हे होतं.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक आहे. 'हॉजकिन-हक्सली खोटे ठरले' अशी शीर्षकं अधूनमधून दिसतात. त्यांना आधार म्हणून बहुतेक वेळा उष्णतेचा मुद्दा येतो. १९५८ मध्ये अॅबट, हिल आणि हॉवर्थ यांनी मोजलं की आवेगाच्या वेळी तंतू आधी थोडी उष्णता सोडतो आणि मग बरीचशी परत घेतो. १९५२ ची समीकरणं यावर काहीच बोलत नाहीत, हे खरं. पण एखादं वर्णन एका गोष्टीवर गप्प आहे म्हणून ते ज्यावर बोलतं ते खोटं ठरत नाही. २००५ मध्ये हाइमबर्ग आणि जॅक्सन यांनी आवेग म्हणजे पटलातून धावणारी यांत्रिक लाट असा पर्याय मांडला. विचार करण्यासारखा आहे. पण बाहेरचं सोडियम कमी केलं की आवेग का खुजा होतो, याचंही तितकंच चोख उत्तर त्याने द्यायला हवं.

तुमच्या आराखड्यासाठी

संशोधनाच्या आराखड्यात 'हॉजकिन-हक्सली मॉडेल वापरून' असं लिहिणार असाल तर त्याच्या पुढचं वाक्य आधी तयार ठेवा: कोणता भाग घेतोय? रचना घेतोय की आकडेही? आकडे घेत असाल तर कोणत्या प्राण्याचे, कोणत्या तापमानाचे? मुलाखतीत कुणी विचारलं नाही तरी स्वतःला विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या कामातला '१०.६१३' कुठे आहे, म्हणजे हिशोब जुळावा म्हणून बसवलेला आकडा कोणता, त्यावर ठळक खूण करा. टीप तळाशी नको, त्या आकड्याशेजारी द्या, कारण तुमचा आकडा पुढे जाईल आणि टीप मागे राहील.

पेपर कुठून वाचायचा, असं विचाराल तर मी म्हणेन, उलट्या क्रमाने. आधी शेवटची चर्चा, मग स्थिरांकांचा तक्ता, मग वेगाचा हिशोब, आणि सगळ्यात शेवटी ती चार समीकरणं. चिन्हं उलटी आहेत हे लक्षात ठेवा: तिथे सोडियमचं व्होल्टेज उणे ११५ दिसलं तर दचकू नका. लेखकांनी विश्रांतीला शून्य मानलंय आणि उत्तेजनाची दिशा ऋण धरली आहे. वहीत एक ओळ लिहून ठेवली की पुढे अडत नाही. दोन संध्याकाळी पुरतात.